वय विचारायचं काम: कोड्यांच्या एका ॲपच्या नोंदी (ऑक्टोबर २०२५ ते जानेवारी २०२६)

कोडी सोडवायचं एक छोटं ॲप आम्ही दोघं चालवतो. सर्व्हर आणि आयफोनची बाजू माझ्याकडे, अँड्रॉइड सहकाऱ्याकडे. ॲपमध्ये कोडी आहेत, कोणालाही शिरता येईल असे उघडे गट आहेत, आणि खासगी मेसेज पाठवता येतात. कोड्यांना कोणाची हरकत नाही. सगळी भानगड गट आणि मेसेजची. वापरणारे अनेक देशांत विखुरलेले, त्यामुळे कायदेही तितकेच. याच कामाला बसणाऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून हे लिहून ठेवते आहे. हा कायदेशीर सल्ला नाही. आम्ही वकील नाही, आणि वकिलाला गाठलं तेही फार उशिरा.

६ ऑक्टोबर २०२५

सुरुवात ॲप स्टोअरच्या एका ईमेलने झाली. टेक्सासचा एसबी २४२० हा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू व्हायचा आहे. त्यात ॲप स्टोअरने खातेदाराचं वय तपासायचं आणि त्याला चारपैकी एका गटात टाकायचं: १३ च्या खाली, १३ ते १५, १६-१७, आणि १८ व वर. अल्पवयीनाचं खातं पालकाच्या खात्याला जोडायचं आणि ॲप उतरवायला पालकाची संमती घ्यायची. आमच्यासारख्यांनी तो वयोगट स्टोअरकडून घ्यायचा आणि त्याप्रमाणे वागायचं. मुदत तीन महिन्यांपेक्षाही कमी.

आज फक्त आपल्याकडे आहे काय ते पाहिलं. नोंदणीच्या पानावर आम्ही जन्मतारीख विचारत होतो. टेबल उघडून वर्षवार मोजणी केली, तर १ जानेवारी २००० या एका दिवशी जन्मलेल्यांची जत्रा भरलेली. कारण शोधायला पाच मिनिटं लागली. तारीख निवडायचं चाक त्याच तारखेवर उघडतं. अंगठा न हलवता ‘पुढे’ दाबलं की माणूस पंचवीस वर्षांचा. चार वर्षं जपून ठेवलेली ही माहिती कशाच्याच कामाची नाही, आणि चोरीला गेली असती तर बोंब मात्र आमच्याच नावाने झाली असती.

७ ऑक्टोबर

चाक आता रिकामं उघडतं. तारीख-महिना काढून टाकले, फक्त वर्ष विचारतो. अमेरिकेतला कोप्पा कायदा १९९८ चा आहे, १३ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबद्दलचा. त्यावरच्या मार्गदर्शनात एफटीसीने (तिथली ग्राहक संरक्षणाची सरकारी संस्था) एक साधी गोष्ट सांगितली आहे: वय तटस्थपणे विचारा, किती वय लागतं ते सुचवू नका, आणि एकदा नकार मिळाल्यावर मागे जाऊन दुसरं वय भरायची सोय ठेवू नका. आमच्या पानावर चाकाच्या अगदी वर जाड अक्षरांत होतं, ‘१३ वर्षांवरील व्यक्तींसाठी’. पेपरच्या वरच उत्तर छापलेलं! ते काढलं, आणि नकाराची खूण त्या फोनवर एक दिवस राहील असं केलं. एकूण दीड तास. या साऱ्या प्रकल्पातलं सगळ्यात स्वस्त काम हेच.

९ ते १९ ऑक्टोबर

हे अकरा दिवस एकाच नोंदीत उरकते, कारण ते वाया गेले.

वय तपासायचं म्हणजे चेहरा तपासायचा, असं आम्ही धरून चाललो. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज देणाऱ्या एका सेवेचं एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) घेतलं आणि जोडायला बसलो. कॅमेऱ्याची परवानगी, हलत्या चेहऱ्याची खात्री, निकाल सर्व्हरकडे, सर्व्हरकडून फोनकडे. जुन्या फोनवर ते पहिल्याच पडद्यावर लटकायचं. तिथे आणखी दोन दिवस गेले.

मग घरच्यांवर आणि मित्रांवर चालवून पाहिलं. चौतिशीतली मैत्रीण बावीसची निघाली, तिला भलताच आनंद झाला. तिचा सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला भाऊ वीसचा निघाला, आणि माझा आनंद संपला. त्यानंतर अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा २०२४ चा अहवाल वाचला. सहा अल्गोरिदम तपासले होते. व्हिसासाठीच्या नीट, समोरून काढलेल्या फोटोंवरही सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक ३.१ वर्षांची. २०१४ मध्ये ती ४.३ होती, म्हणजे सुधारणा आहेच. पण स्त्रियांच्या चेहऱ्यांवर चूक जवळजवळ नेहमीच जास्त. १८ ची रेघ असेल तर ‘पंचविशीच्या खाली दिसला तर आणखी पुरावा मागा’ असं अंतर ठेवता येतं. १६ च्या रेघेला ते कसं जमायचं? पंधरा आणि सतरा यांतला फरक त्या चुकीच्या पोटातच मावतो, आणि त्या वयाच्या पुष्कळ मुलांकडे दाखवायला कागदही नसतो.

मधेच बातमी आली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने सांगितलं की बाहेरच्या एका कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. यातले बरेचसे वयाच्या तक्रारीसाठी पाठवलेले. म्हणजे ‘मी लहान नाही हो’ हे पटवायला लोकांनी जे दिलं तेच गेलं. सहकाऱ्याने ती बातमी मला पाठवली, खाली एकच ओळ: आपल्याला हे खरंच हवंय का?

शिवाय चेहरा तपासणाऱ्या आमच्या त्या सेवेची दरमहा किमान रक्कम आमच्या सर्व्हरच्या खर्चाच्या तिप्पट होती. हे आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

२० ऑक्टोबर

आज कायदा वाचला. हो, अकरा दिवसांनी.

ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट २०२३ चा, मुलांच्या संरक्षणाची कलमं २५ जुलै २०२५ पासून लागू. दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यांतला जो मोठा असेल तो. हा आकडा पाहूनच आम्ही कॅमेऱ्याकडे धावलो होतो. पण तिथली नियामक संस्था ऑफकॉम हिचं मार्गदर्शन नीट वाचलं तर कडक वयतपासणीची सक्ती मुख्यतः अश्लील मजकूर, आत्महत्या, स्वतःला इजा करणं आणि खाण्याच्या विकारांना उत्तेजन देणारा मजकूर चालू देणाऱ्यांवर आहे. आमच्याकडे असला मजकूर नियमांनी बंद आहे, आणि तक्रार आली की आम्ही तो काढतो. मग चेहरा कशाला?

जे आमच्यावर खरोखर बंधनकारक होतं ते आम्ही केलंच नव्हतं. मुलं ॲपपर्यंत पोचू शकतात का, याचं लेखी मूल्यमापन १६ एप्रिल २०२५ पर्यंत व्हायला हवं होतं, आणि पोचत असतील तर धोक्यांचं मूल्यमापन २४ जुलैपर्यंत. त्यात पळवाट नाही. नुसतं ‘वय सांगा’ म्हणणाऱ्या ॲपला ‘आमच्याकडे मुलं येऊच शकत नाहीत’ असं लिहिता येत नाही. दोन दिवस बसून दोन्ही लिहिली, वर उशिराची तारीख जशी आहे तशी टाकली. हे लिहिताना पहिल्यांदा कळलं की आमचा खरा धोका म्हणजे अनोळखी मोठ्या माणसाने लहान मुलाला खासगी मेसेज पाठवणं. पुढचं सगळं काम त्या एका वाक्याभोवती झालं.

चेहऱ्याचं एसडीके काढून टाकलं. काढायला अर्धा दिवस.

२८ ऑक्टोबर

आता काय साठवायचं ते ठरवलं. तीनच रकाने: वयोगट, तो कुठून कळला, कधी कळला. जन्मतारखेचा रकाना पुसला. पुसण्याआधी ‘असू दे, लागेल कधीतरी’ असं मीच म्हणाले होते, हेही नोंदवून ठेवते.

वयोगट पाच आहेत: कायद्यातले चार आणि पाचवा ‘माहीत नाही’. पहिल्या मसुद्यात आम्ही ‘माहीत नाही’ला चुकीसारखं वागवलं होतं, पुन्हा विचारा, पुन्हा विचारा. मग मोजलं. आयफोनवर जुनी आयओएस प्रणाली असलेले, सांगायला नकार देणारे, जिथे असा कायदाच नाही तिथले अँड्रॉइडवाले, सगळे इथेच येणार. म्हणजे बहुतेक सगळे. तेव्हा हाच मुख्य गट धरून त्याच्यासाठी आधी पडदे बनवले आणि बाकीचे चार नंतर.

‘माहीत नाही’ असेल तर: कोडी सगळी खुली. उघड्या गटात लिहिता येतं, फोटो टाकता येत नाही. अनोळखी माणसाशी खासगी मेसेज दोन्ही बाजूंनी बंद. जिथे कायदा आणखी काही मागत नाही तिथे स्वतः सांगितलेलं वर्ष पुरतं. स्टोअरचं उत्तर आणि स्वतःचं उत्तर जुळलं नाही तर लहान वय धरायचं. १३ च्या खाली असेल तर खातंच नाही. कोडी फोनवर खेळा, आमच्या सर्व्हरला पत्ताही लागत नाही.

४ नोव्हेंबर

ॲपलचा वयोगट सांगणारा एपीआय (ॲपने फोनला माहिती विचारायची ठरलेली सोय) आयओएस २६ मध्ये आहे. ॲपने रेघा द्यायच्या, आम्ही १३, १६, १८ दिल्या, आणि फोन माणसाला विचारून फक्त ‘कुठल्या दोन रेघांच्या मध्ये’ एवढंच सांगतो. जन्मतारीख आपल्या हातात येत नाही, ते उत्तम. वय स्वतः सांगितलंय की पालकाने, तेही कळतं.

अडकलो ते हौसेपायी. ‘१६, १७, १८ मागून पाहू’ म्हटलं, तर विनंतीच चुकीची ठरली. कुठलाही गट किमान दोन वर्षांचा हवा. नाहीतर वय जवळजवळ नेमकंच कळेल, आणि मग लपवलं काय?

दुसरी गोष्ट मला बग वाटली आणि तिच्यात तीन तास गेले. चाचणीच्या खात्यावरचं मूल सोळा वर्षांचं झालं तरी उत्तर बदलेना. तो बग नव्हताच. उत्तर साठवलेलं असतं आणि नवं उत्तर वाढदिवसाला येत नाही, पहिल्यांदा सांगितलं त्या तारखेच्या वर्षपूर्तीला येतं. वाढदिवसालाच बदललं असतं तर ॲपला वाढदिवस कळला असता. कोणीतरी बसून बारीक विचार केलाय. पण आमच्या मदतीच्या पानावर ‘सोळा पूर्ण झाल्यावर लगेच’ असं लिहिलं होतं, ते खोडावं लागलं.

१२ नोव्हेंबर

अँड्रॉइडची बाजू. गुगल प्लेचा वयाच्या संकेतांचा एपीआय अजून बीटा आहे, खरी उत्तरं जानेवारीपासून. तोवर खोटी उत्तरं देणारा चाचणीचा वर्ग त्यांनी दिला आहे, त्यावर भागवलं. तपासलेला प्रौढ, पालकाच्या देखरेखीखालचा, पालकाची मंजुरी बाकी, पालकाने नाकारलेला, माहीत नाही, आणि सरळ रिकामं. ‘मंजुरी बाकी’साठी आमच्याकडे पडदाच नव्हता. मूल वाट पाहतंय आणि ॲप पांढरं. एक वाक्य आणि एक बटण टाकलं.

१५ नोव्हेंबर

भारताचे वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम काल जाहीर झाले. मूळ कायदा २०२३ चा. त्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण बालक. पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणं बंद. मुलांबाबतची कर्तव्यं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू होतील. पालकाची ओळख पटवायला डिजिलॉकरसारख्या सेवेचं टोकन चालेल असंही नियमांत आहे. वय विचारणाऱ्या प्रत्येक ॲपने कागद गोळा करण्यापेक्षा ते शहाणपणाचं वाटतं.

आमच्या टेबलाला १८ ची रेघ आधीच होती, त्यामुळे आज काम काहीच नाही. निदान असं मला सकाळी वाटत होतं.

१६ ते २२ नोव्हेंबर

‘पाळत’ या शब्दावर सहकारी अडला. आपण मुलांवर पाळत ठेवत नाही ना? नाही, वय कळेपर्यंत वापराची आकडेवारी गोळा करणारं एसडीके सुरूच करत नाही, मी म्हणाले. त्याने फोनची रहदारी एका मधल्या यंत्रातून वळवून दाखवली. ॲपच्या चिन्हावर बोट टेकवल्यापासून अर्ध्या सेकंदात, वयाचा पडदा उमटायच्याही आधी, जाहिरातीचा ओळख क्रमांक बाहेर गेला होता.

कारण असं: अँड्रॉइडवरची बरीच एसडीके आपला एक कंटेंट प्रोव्हायडर (आपोआप चालणारा कोडचा तुकडा) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या भागांच्या यादीत, गुपचूप मिसळतात. सिस्टिम तो ॲपच्या पहिल्या ओळीच्या आधी चालवते. आपण कोडमध्ये ‘सुरू करू नको’ लिहिलं तरी तोवर गाडी निघून गेलेली असते. एकत्र झालेलं अंतिम मॅनिफेस्ट उघडा आणि प्रोव्हायडर मोजा. आमच्याकडे अनोळखी चार निघाले. तीन ‘काढून टाका’ची खूण लावून काढले, चौथ्यासाठी एसडीकेच बदललं. पाच दिवस गेले, पण या प्रकल्पात मुलांचं प्रत्यक्ष भलं कशाने झालं असेल तर याने. आणि हे कुठल्याही वयतपासणीच्या यादीत नव्हतं.

२ डिसेंबर

सगळ्यात वाईट चूक. आमच्या टेबलात गटाची वरची हद्द ‘त्याच्या आत’ अशी होती: १३ ते १५ हा गट आम्ही १३ आणि १६ असा साठवायचो. गुगल तोच गट १३ आणि १५ असा देतं, वरचा आकडा धरून. दोन्ही एकत्र करणाऱ्या ओळीत मी लिहिलं होतं: वरची हद्द १६ किंवा जास्त असेल तर मोठा गट. परिणाम उलटा. स्टोअरकडून कळलेली मुलं बरोबर ठिकाणी, आणि ज्यांनी स्वतः खरं वर्ष सांगितलं होतं ती तेरा-चौदाची मुलं सोळा-सतराच्या गटात, मेसेज खुले. चाचणीच्या गटात हे तीन दिवस चाललं. बाहेर गेलं नव्हतं, हे आमचं नशीब, हुशारी नव्हे.

आता आकडे साठवतच नाही, गटाचं नाव साठवतो. आणि प्रत्येक रेघेच्या अलीकडची-पलीकडची वयं (१२, १३, १५, १६, १७, १८) तपासणाऱ्या चाचण्या आहेत. त्या पहिल्या दिवशी लिहायच्या असतात.

१० डिसेंबर

ऑस्ट्रेलियाचा कायदा आज लागू झाला. १६ च्या खालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवू न देण्यासाठी कंपन्यांनी वाजवी उपाय करायचे, नाहीतर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग ठेवायचा नाही, हेही त्यात आहे.

आम्ही सोशल मीडिया आहोत का? ज्यांचा एकमेव किंवा मुख्य हेतू ऑनलाइन खेळ हा आहे त्यांना नियमांत वगळलं आहे. तो ‘मुख्य’ शब्द पोकळ नाही. लोकांचा किती वेळ कोड्यांत जातो आणि किती गप्पांत, ते मोजून दोन पानांचं टिपण करून ठेवलं. कोडी पुढे आहेत. पण मार्चमध्ये आणायचं ठरवलेलं ‘सगळ्यांच्या पोस्ट एकाखाली एक’ हे पान रद्द केलं. ते आलं असतं तर काटा फिरला असता. सहकारी अजून नाराज आहे.

वकिलाबरोबरचा तास याच आठवड्यात. त्यातलं एक वाक्य सगळ्या फीच्या मोलाचं: तुम्ही विचारलंत की तुम्हाला कळलं, आणि कळलं की जबाबदारी आली. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब स्टोअरचं उत्तर आलं त्या क्षणी संपते. म्हणून उत्तर आल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा वेळही आता मोजतो.

२४ डिसेंबर

काल टेक्सासच्या फेडरल न्यायालयाने एसबी २४२० ला तात्पुरती स्थगिती दिली. न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी त्याची तुलना अशा कायद्याशी केली, जो प्रत्येक पुस्तकाच्या दुकानाला दारातच गिऱ्हाइकाचं वय तपासायला लावेल आणि मुलांना आत यायलाही पालकाची परवानगी मागेल. आठ दिवसांवर आलेली मुदत गेली. गंमत म्हणजे याच राज्याचा अश्लील साइटवरच्या वयतपासणीचा कायदा जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने टिकवला होता. काय तपासायचं यावर सगळं अवलंबून आहे.

दोघांनाही दिवसभर काही सुचलं नाही. मग यादी काढली. युटाचा तसाच कायदा मे २०२६ मध्ये, लुइझियानाचा जुलैमध्ये, कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२७ पासून, आणि त्यातही तेच चार वयोगट. टेक्साससाठीचे नियम चालू-बंद करायची कोडमधली कळ बंद केली, कोड ठेवला. कळ देशा-राज्याप्रमाणे वेगळी ठेवायचं सहकाऱ्याने ऑक्टोबरमध्ये सुचवलं होतं आणि मी त्याला ‘उगाच पसारा’ म्हणाले होते.

१३ जानेवारी २०२६

रिलीज होऊन आठवडा झाला. सगळ्यात लक्षात राहिलेली तक्रार: ‘मी ७१ वर्षांची आहे, मला मैत्रिणीला मेसेज का पाठवता येत नाही?’ उलगडा व्हायला चार ईमेल लागले. फोन नातवाचा जुना, खातंही त्याचंच, म्हणून फोनच्या लेखी आजी चौदा वर्षांच्या. आमचा ‘लहान वय धरा’ हा नियम इथे त्यांच्यावर उलटला.

मला हाताने दुरुस्त करायचा मोह झाला, पण केलं नाही. एकदा ईमेलवर वय बदलून दिलं की उद्या प्रत्येक चौदा वर्षांचा मुलगा आजी होईल. त्यांना नवं खातं कसं उघडायचं ते चित्रांसकट लिहून पाठवलं. त्यांनी केलं, आणि उत्तरात आमच्या एका कोड्यातली चूकही दाखवून दिली. बरोबर होती.

२७ जानेवारी

दुसऱ्याच कशासाठी सर्व्हरच्या नोंदी चाळत होते, तर त्यात जन्मतारखा. पूर्ण, दिवस-महिन्यासकट. ॲप न बदललेले जुने फोन अजूनही पूर्ण तारीख पाठवतात. सर्व्हर ती टेबलात घेत नाही, पण चुका शोधायला म्हणून आलेली विनंती जशीच्या तशी लॉगमध्ये उतरवतो. रकाना ऑक्टोबरमध्ये पुसला, आणि तीन महिने शेजारच्या खोलीत तेच साचत राहिलं.

दुपारपर्यंत ते क्षेत्र लॉगमधून गाळलं, जुन्या नोंदी पुसल्या, जुन्या आवृत्त्यांना ‘ॲप नवं करा’ हा पडदा लावला. बॅकअप तीस दिवस राहतात आणि त्यातून एकच क्षेत्र काढता येत नाही. आजचा शेवटचा बॅकअप २६ फेब्रुवारीला आपोआप जाईल. ती तारीख कॅलेंडरवर टाकली आहे, गेल्याची खात्री करून मगच हे काम बंद करेन.